थोरलीनं धाडलेलं पाणी

लढाईच्या दिवसांत मोटारी बंद होत्या. अकोले तालुक्याच्या डोंगरात दोन तळ्यांकाठी दोन शाळा, आणि मास्तर मी एकटा. चैत्रात एकीकडून दुसरीकडे दिवसभर चालायचं, वाटाड्या म्हणून नेहमी तोच म्हातारा. वरच्या तळ्याला तो थोरली म्हणे, खालच्याला धाकटी, खाली नांदायला दिलेली बहीण.

एकदा तहानेनं मी त्याच्या पाण्याच्या भोपळ्याला हात घातला.

"त्ये न्हाई, मास्तर. थोरलीनं धाडलंय."

मग ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून त्यानं मला पोटभर पाजलं.

संध्याकाळी आटलेल्या धाकटीच्या चिखलात उतरून त्यानं भोपळा हळूहळू रिकामा केला. "घे बाई."

"एवढ्याशानं काय होणार?" मी विचारलं.

"माहेरचं कुनी मापतं व्हय, मास्तर?"