पाच उसांची सीमापार वाहतूक

रविवार, २ नोव्हेंबर. आजचं काम एकच: गडहिंग्लजजवळच्या मामाच्या मळ्यातून पाच ऊस घेऊन संध्याकाळच्या आत कर्नाटकात, संकेश्वरला मावशीकडे पोचायचं.

मावशी ब्याऐंशी वर्षांची. लग्न होऊन तिकडे गेली तेव्हापासून तिच्या तुळशीच्या लग्नाचा मांडव माहेरच्या उसाचाच असतो. घराच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे, पण तो सासरचा. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून यंदा माझी नेमणूक झाली. सकाळीच तिचा फोन आला: "ऊस आल्याबिगर लगीन न्हाय, आन् लगीन झाल्याबिगर मी जेवणार न्हाय." तिच्या गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणजे त्याही बंद.

कोल्हापूरहून पहिली एसटी धरली. गडहिंग्लजला स्टँडवर भजी खाल्ली आणि मळ्यात गेले. मामीनं ऊस वाढ्यासकट (वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा) बांधून दिले. ते संकेश्वरच्या एसटीच्या दारातून आत शिरेनात, म्हणून खिडकीतून घेतले. वाढ्यानं पुढच्या बाकावरच्या एका आजोबांची टोपी उडवली.

"बाईला अर्धं तिकीट, उसाला पूर्ण," कंडक्टर म्हणाला.

"का?"

"तुमच्यापेक्षा लांब हाय की!"

सीमेच्या अलीकडे गाडी थांबली. ऊसदर जाहीर होईपर्यंत ऊस पलीकडे जाऊ द्यायचा नाही म्हणून दहा-बारा आंदोलक रस्त्यावर बसले होते. त्यांचा पुढारी गळ्यात टॉवेल टाकून आत आला.

"काकू, ऊस खाली घ्या."

"तुळशीच्या लग्नाचा आहे."

"समदे काय ना काय सांगत्यात. पलीकडच्या कारखान्यांची धुराडी आधी पेटत्यात, हितला ऊस चोरून पळतोय. मग आमच्या कारखान्याला निम्म्या हंगामातच ऊस पुरंना."

"या पाच उसांवर कुठला कारखाना चालणार आहे?"

"आज पाच सोडलं, तर उद्या पाच ट्रक येत्याल."

"आवो काकू, उतरा की तुमचं वऱ्हाड घिऊन!" मागून कोणीतरी ओरडलं. मी उतरले नाही. बारा जण माझ्या पाच उसांभोवती वाद घालत होते, तेवढ्यात शेजारच्या पाणंदीनं (शेतातल्या वाटेनं) उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या खडखडत कर्नाटकात गेल्या. मी बोट दाखवलं. पुढाऱ्यानं तिकडे पाहिलं आणि टॉवेलानं तोंड पुसलं.

मी विचारलं, "बंदी कशाकशाला आहे?"

"गाळपाच्या उसाला."

"बेण्याला?" (बेणं म्हणजे लागणीसाठी तोडलेल्या उसाच्या कांड्या.)

"बेण्याला न्हाय."

"आणि वाढ्याला?"

"ती वैरण. तिला कोण अडीवतंय?"

"मग कोयता आणा."

त्यानं स्वतःच तोडले. दोन-दोन डोळ्यांची कांडी (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा), एकाही डोळ्याला धक्का नाही. माणूस पक्का शेतकरी होता. पिशवीत बेणं आणि काखेत वैरण घेऊन मी कायदेशीरपणे सीमा ओलांडली.

मावशीनं पिशवीत डोकावून पाहिलं. "ह्यो मांडव?"

"माहेरचाच आहे. सुतळी दे."

कपडे वाळत घालायच्या पाच काठ्या घेतल्या, त्यांना कांड्या ओळीनं बांधल्या आणि टोकाला वाढं. मांडव डावीकडे जरा कलला, पण दिवेलागणीला लग्न लागलं. मावशी दोन पुरणपोळ्या जेवली आणि गोळ्या घेतल्या.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी मी मांडव सोडला, परसात कुदळीनं सरी ओढली आणि कांड्या डोळे बाजूला करून पुरल्या.

"हितल्या मातीत वाढला की त्यो म्हायेरचा कसला?" मावशी दारातून म्हणाली.

"तू साठ वर्षं इथलं पाणी पितेस, आणि अजून माहेरचीच आहेस की," म्हटलं आणि सरीत पाणी सोडलं.