कुऱ्हाडेभाऊंचा आडवा र

कुऱ्हाडेभाऊ गेल्याचं मला फोनवर कळलं. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती, मुलं रांगेने वर्गात चालली होती, आणि शाळेच्या जुन्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘दिगंबर कुर्हाडे यांचे दुःखद निधन’. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, आधी राग आला. शेवटची चार वर्षं हा माणूस ज्या एका अक्षरासाठी झगडला, ते अक्षर त्याच्या मरणाच्या बातमीतसुद्धा चुकलं होतं. संध्याकाळी सुरतेतल्या कोसाडला त्यांच्या घरी गेले, तर वसाहतीच्या कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा भलामोठा फलक, झेंडूच्या माळेत त्यांचा फोटो, आणि खाली पुन्हा तेच. शोभावहिनी दारातच माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून त्या फलकाकडे डोळे वटारून बघत होते. अशा वेळी असं बघणं बरं दिसत नाही, हे कळत होतं मला... पण महिना उलटून गेला तरी तो राग गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. या पुरवणीच्या संपादकांनाही मी बजावून ठेवलं आहे, की बाकी लेख हवा तेवढा कापा, पण त्यांचं आडनाव दोनदा तपासून छापा.

काय असतं ते अक्षर? कुऱ्हाडे लिहिताना अर्धा र आडवा होऊन ह-ला खेटून बसतो. तो तिथून उठून ह-च्या डोक्यावर चढला की त्याचा रफार होतो आणि शब्द बिघडतो. मी तीस वर्षं मराठी शिकवते आहे, पाटीवर हा फरक मी हजारदा काढून दाखवला असेल. कुऱ्हाडेभाऊ वऱ्हाडातले, अकोटकडचे. म्हणजे आडनावातही तो आडवा र आणि मुलखाच्या नावातही. सुरतेला आले ते लूमवर कापड विणायला, आणि पुढे पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये लागले. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, कापडाचा तुकडा आणून द्यायचा आणि यांनी हुबेहूब तोच रंग बनवून दाखवायचा, हे त्यांचं काम. मुलगी आमच्या शाळेत होती, त्या निमित्ताने ते शाळेत येऊ लागले. त्याच सुमारास एका कापडव्यापाऱ्याने ऑफिस बदलताना आठ जुने कॉम्प्युटर शाळेला दिले होते. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं, भंगारात घाला. कुऱ्हाडेभाऊंनी दोन रविवार घालवले, आठही मशीनवर लिनक्स घातलं आणि आठही चालू करून दिले.

लिनक्स म्हणजे काय, हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. विकत घ्यावं लागत नाही, जगभरातली माणसं मिळून ते बनवतात, आणि त्यात काही बिघडलं तर त्यांच्या पानावर जाऊन कळवायचं असतं. मी त्याला तक्रार म्हणायचे. ते त्यांना आवडायचं नाही. “तक्रार नाई बाई, रिपोट. तक्रारीत राग असते. रिपोटात पुरावा पायजे.” आपण काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, एवढंच त्यात लिहायचं. बारावी नापास माणूस, शेजारी डिक्शनरी ठेवून, एकेक इंग्रजी वाक्य जुळवत हे रिपोर्ट लिहायचा. आवाज बंद पडला, पडदा काळा झाला, पेन ड्राइव्ह दिसेना, प्रत्येकाचा रिपोर्ट. त्यातले काही दोष पुढे दुरुस्तही झाले. मग ते शनिवारी दुपारी येऊन मला पडद्यावरचं ते पान दाखवायचे, आणि मी वह्या तपासता तपासता “वा वा” म्हणायचे. त्या पानाकडे न बघता.

आडव्या र-चं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलीच्या दाखल्यापासून. दाखले आम्ही त्याच मशीनवर छापतो. पडद्यावर ‘कुऱ्हाडे’ अगदी स्वच्छ दिसत होतं, कागदावर मात्र ‘कुर्हाडे’ उमटलं. आधीच्या महिन्यापर्यंत सगळं नीट छापत होतं, मधे एक अपडेट येऊन गेला तेवढाच फरक. मी म्हटलं, पेनने दुरुस्त करून देते. पण खाडाखोड केलेला दाखला पुढे कुणी घेत नाही, म्हणून तसाच द्यावा लागला. दुसरा कुणी असता तर आकांडतांडव केलं असतं. हे शांतपणे म्हणाले, “गुजरातीत लिवलं तं मी काई बोलत नाई बाई, त्यायच्याजवळ हे अक्षरच नाई. पन मराठी शाळेच्या कागदावर बी माह्यं नाव असंच येन काय?” आणि मशीनसमोर बसले ते तीन शनिवार उठले नाहीत. फॉन्ट बदलून पाहिले. मिलमधला प्रिंटर रिक्षात घालून आणून तो जोडून पाहिला. एका मशीनवर लिनक्सची जुनी आवृत्ती घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लॅबमध्ये रंग जुळवतात तसं. शेवटी सापडलं. अक्षरं जुळवून प्रिंटरकडे पाठवणारा जो एक छोटा भाग असतो, तो अपडेटमध्ये बदलला होता. जुना घातला की बरोबर, नवा घातला की चूक. जुनाच ठेवावा तर त्याच्यापायी बाकीचं सगळं अडायचं. “जे कापड टूबलाइटखाली पास होते, थे उन्हात फेल होते,” ते म्हणाले. “हे बी तसंच हाय. पडद्यावर पास, कागदावर फेल.”

मधल्या काळात आमची फजिती व्हायची ती झालीच. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, जेवणासाठी आचारी बोलावले होते, आणि मी हौसेने स्वयंपाकाच्या खोलीबाहेर सूचना छापून लावली की आचाऱ्यांनी मोठी पातेली घासूनच घरी जावे. गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. आणि कागदावर छापून आलं होतं, ‘आचार्यांनी मोठी पातेली घासूनच घरी जावे’. आमचे गुजराती आचार्य त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले, मग मला बोलावून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “बेन, आ तपेलां मारे धोवानां छे?” म्हणजे, ही पातेली मी घासायची का? स्टाफरूममध्ये आठवडाभर हसणं चाललं होतं. कुऱ्हाडेभाऊ हसले नाहीत. त्यांनी तो कागद भिंतीवरून अलगद काढून घेतला, खिडकीतल्या उजेडात धरून त्याचा फोटो काढला आणि रिपोर्टला जोडला. पुरावा!

आणि त्या पुराव्याला उत्तरं काय यावीत? मी ती आता सगळी वाचली आहेत, म्हणून सांगते. पहिल्याने विचारलं, हा हिंदीतला कोणता शब्द आहे? यांनी कळवलं, हिंदी नव्हे, मराठी. दुसरा म्हणाला, तुम्ही पाठवलेल्या पडद्याच्या चित्रात अक्षर बरोबर दिसतं आहे, मग अडचण काय? यांनी पुन्हा कळवलं, पडद्यावर बरोबर आहे, कागदावर चूक आहे, म्हणून कागदाचा फोटो जोडला आहे. तिसऱ्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि लिहिलं, मला ही दोन्ही सारखीच दिसतात. सारखीच दिसतात! हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून ती सारखी होतात का? मी पहिलीतल्या पोराकडून असलं उत्तर खपवून घेत नाही. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट. फुकट काम करणारी माणसं आहेत, त्यांच्यावर शेकडो रिपोर्टांचा डोंगर असतो, हे सगळं कुऱ्हाडेभाऊ मला समजावून सांगायचे, आणि मला ते आजही पटत नाही. कुऱ्हाडेभाऊसुद्धा फुकटच काम करत होते. दिवसभर मिलमध्ये उभं राहून, मग बस बदलत येऊन. त्यांनी काय केलं? दोन्ही चित्रांवर लाल गोल काढले आणि एका मराठी न येणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत रफार समजावून सांगितला. इतका स्वच्छ की मीसुद्धा तसा कधी शिकवला नसेन.

इथवर सगळा दोष त्या उत्तरं देणाऱ्यांचा. आता माझा सांगते. मला तर रोज प्रश्नपत्रिका छापायच्या असत. मी सोपा मार्ग काढला. आडवा र येणारे शब्दच टाळायला लागले. ‘दुसऱ्या दिवशी’च्या जागी ‘पुढच्या दिवशी’. ‘पांढऱ्या रंगाचा घोडा’ काढून नुसता ‘पांढरा घोडा’. ‘बिचाऱ्या’ मुलीला ‘गरीब’ केलं, ‘शेतकऱ्याने’ला थेट वाक्यातून हाकललं. हात असा बसला की वर्षभरात मला हे शब्द सुचेनासे झाले. आणि मी मराठीची शिक्षिका! एका शनिवारी कुऱ्हाडेभाऊंनी मशीनवरच्या माझ्या प्रश्नपत्रिका बघितल्या. एक उघडली, दुसरी उघडली. मी मोठ्या तोऱ्यात माझी युक्ती सांगितली. त्या माणसाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “बाई, तुमी मशीन नाई सुधरवली. भाषाच बदलून टाकली.” मला ते झोंबलं. मी म्हटलं, भाऊ, मला पाच वर्गांचे पेपर काढायचे असतात, एका शेपटीसाठी अडून बसायला वेळ नाही माझ्याकडे. त्यांनी मशीन बंद केलं, डबा उचलला आणि गेले.

पुढच्या शनिवारी आले ते काहीच झालं नसल्यासारखे, आणि एक मागणं घेऊन आले. त्या पानावर एक बटण असतं, हा दोष मलाही जाणवतो असं सांगायचं. कळवणाऱ्याखेरीज आणखी एकाने ते दाबलं की रिपोर्टला वजन येतं, दोष एकाच मशीनपुरता नाही हे ठरतं. “मी एकटाच हाय त्या पानावर, बाई. तुमी दाबलं तं दोन होतीन.” त्यासाठी आधी खातं उघडायचं, ईमेल द्यायचा, पासवर्ड ठरवायचा. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, परीक्षा संपल्या की करते. परीक्षा संपल्या. दिवाळीनंतर त्यांनी आठवण करून दिली, मी म्हटलं, होय हो, विसरलेच बघा. तिसऱ्यांदा ते नुसतं एवढंच म्हणाले, “एक बटन दाबाले काय लागते, बाई?” त्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होते. मी वह्यांचा गठ्ठा दाखवला. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही आणि मला हायसं वाटलं, हेही लिहूनच टाकते. त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

त्यांच्या चौदाव्यानंतरच्या शनिवारी मी शाळेच्या मशीनवर ते पान उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदा, वरपासून खालपर्यंत, तीच डिक्शनरी जवळ घेऊन वाचलं. मनात ठरवून बसले होते की त्या लोकांना असं खरमरीत काहीतरी लिहायचं की पुन्हा कुणा मराठी माणसाला त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावता कामा नयेत. मजकूर डोक्यात तयार होता. शेवटाकडे आले. तिथे कुणीतरी विचारलं होतं, हा त्रास तुमच्याशिवाय आणखी कुणाला आहे का? दोन महिन्यांत कळलं नाही तर रिपोर्ट बंद होईल. त्याखाली कुऱ्हाडेभाऊंचं उत्तर होतं. त्यांच्या इंग्रजीत. आमच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षिकेलाही हा त्रास रोज होतो. त्या फार कामात असतात. त्या लवकरच इथे येऊन सांगतील. कृपया थांबा.

ते लोक थांबले होते. दोन महिने पूर्ण थांबले होते. मग एका ओळीत कळवलं होतं की कळवणाऱ्याखेरीज कुणालाही हा दोष जाणवत नसल्यामुळे बंद करत आहोत.

माझा तयार मजकूर डोक्यातच राहिला. कुणावर ओरडणार होते मी? वर्गात कुणी नव्हतं, आठ मशीनांपैकी सात झाकलेली, आणि मी त्या एका ओळीकडे बघत बसले. या सुरतेत इतकी मराठी माणसं, घराघरांत कुणी ना कुणी गोऱ्हे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे, त्यांतलं एकही माणूस त्या पानावर नसावं, हा राग मला आहेच, राहीलच. पण त्यांनी वाट बघितली ती सुरतेची नाही. माझी बघितली.

खातं उघडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बंद झालेला रिपोर्ट पुन्हा उघडता येतो, असं खाली लिहिलेलं होतं, तो उघडला. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तीन वाक्यांत लिहिलं. मग ते बटण दाबलं. आकडा बदलला. हा दोष दोन जणांना जाणवतो, असं आता तिथे दिसतं. दोघांपैकी एक हयात नाही, हे कळवायची त्या पानावर कुठे सोय नाही, आणि असती तरी मी कळवलं नसतं.