कावळ्याचा घास

तमिळ मुलखात सुरेंद्ररावांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या काचा पुसायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या काचेपुढे हात टेकायचे, असं चार महिने चाललं होतं.

घरची काच म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. मुलगी चैत्रा शिकायला विशाखापट्टणमला गेली आणि जाताना दोन केशरी मासे नि दगडावर चिकटलेलं अंगठ्याएवढं प्रवाळ बापाच्या गळ्यात घालून गेली. "मासे तगतील, बाबा. प्रवाळ तेवढं जपा." शुक्रवारी ती येणार होती. आणि प्रवाळावर हिरव्या केसांसारखं शैवाळ माजलं होतं.

सुरेंद्ररावांनी काय केलं नाही? दाताच्या ब्रशने घासलं. बोटांनी उपटलं. दिवा निम्मा वेळ बंद ठेवला. चेन्नईहून शैवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या. त्यांनी दोन दिवस काच चाटली आणि कोपरा धरला. माशांना खाणं दिवसाआड, तेही चिमूटभर. पाणी बदललं की चार दिवस बरे जात. पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

"टाकीला जावळ आलंय," बायको गोमती म्हणाली. "मुहूर्त बघू का?"

ते हसले नाहीत.

शेवटचा उपाय अंधाराचा. सोमवारी त्यांनी टाकीला जाड चादर गुंडाळली, दोरीने बांधली आणि बजावलं, "गुरुवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मंगळवारी एका गिऱ्हाइकाची फ्रेम घरी राहिली म्हणून ते दुपारीच परत आले. टाकीपाशी त्यांचे वडील उभे होते. सुंदरराव, वय शहाऐंशी. दोरी सुटलेली. डाव्या हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वरणभात, वर तूप. उजव्या हाताने ते घास पाण्यात सोडत होते.

"अप्पा! काय करताय?"

"दिसत नाही? चष्म्याचं दुकान तुझं."

त्या घरात दुपारचा पहिला घास गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला जायचा. घरातली गेलेली माणसं त्या रूपाने जेवतात, अशी रीत. सुंदररावांची बायको शिवकामी होती तोवर ती ठेवायची. ती गेल्यावर ते ठेवू लागले, तिच्यासाठीच.

"शेजारचं झाड पाडलं. पोंगलपासून कावळा फिरकत नाही," ते म्हणाले. "तास तास उभा राहिलो. हे मासे लगेच घेतात. भाव खात नाहीत."

"रोज घालता?"

"ती एक दिवसाआड जेवायची काय?"

सुरेंद्ररावांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. दगडाखालून मूठभर सडका भात निघाला. चार महिने ते ब्रश घेऊन वरून घासत होते.

"हे खाऊन शैवाळ वाढतंय! चैत्राचं प्रवाळ मरतंय, अप्पा. आणि आई गेलीय!"

"म्हणून तर घालतो," सुंदरराव म्हणाले आणि पान घडी करून आत गेले. जेवले नाहीत.

बुधवारी सुरेंद्ररावांनी भर गर्दीच्या वेळी दुकान बंद केलं. अप्पांना स्कूटरवर बसवून देवळाच्या तळ्यावर नेलं. तिथला पहारेकरी म्हणाला, माशांना कुरमुरे चालतील, भात चालणार नाही. सुरेंद्रराव त्याच्याशी तमिळमध्ये कडाकडा भांडले. तोवर अप्पांनी वरच्या पायरीवर पान मांडलं होतं. कावळा उतरला, पण भाताकडे न बघता शेजारी कुणी ठेवलेली इडली घेऊन उडाला.

"रुसलीय," अप्पा म्हणाले. "उद्या येऊ."

गुरुवारी पुन्हा बांधलेली चादर काढली. काच स्वच्छ. प्रवाळाची एक कड पांढरी पडलेली, बाकीचं घट्ट मिटलेलं. जिवंत की मेलेलं, कळेना. सुरेंद्रराव नाक काचेला लावून बसले. चैत्राला काय सांगायचं ते जुळवत होते, तोच मागून काठी वाजली. अप्पा पान घेऊन तयार होते.

"दुकानात माणसं खोळंबलीत, अप्पा."

"त्यांना पुढचं दिसत नाही म्हणून ती येतात. थांबतील."

सुरेंद्ररावांनी किल्ली उचलली.

"हळू चालव," मागे बसता बसता अप्पा म्हणाले. "काल तूप सांडलं होतं."