पांढरे मासे

रत्नमाला टीचरनं समुद्र कधी पाह्यला नव्हता, आन् आमच्या कुरुद गावच्या लेकराईले समुद्र शिकवला तो तिनंच. हसू नका. आधी मीही हसली होती.

मी सुनिता, तिची शेजारीण. विहाराच्या हॉलमंदी तिची बालवाडी भरते, तिथली खिचडी माह्याकडे. म्हणून सांगून राहिली, ऐकीव नाही.

सहा डिसेंबर जवळ आला का आमची वस्ती रिकामी होते. कोणी पोलादाच्या प्लांटमंदी, कोणी रेल्वेत, कोणी रसमड्याच्या कारखान्यात. पण त्या दिवसासाठी सुट्टी काढून, पांढरे कपडे घालून, दुर्गवरून गाडी धरतात. दादरले, चैत्यभूमीवर, बाबासाहेबांपुढं डोकं टेकवाले. गर्दी अशी का लहान लेकरू नेणं म्हणजे जिवाले घोर. मग लेकरं ठेवाची कोणापाशी? टीचरपाशी. ती लग्न होऊन आली तवापासून मागंच राहिली. आधी सासू खाटेवर होती, मग ह्या लेकराईचा लोंढा सुरू झाला.

मायबाप गेले का लेकरं हॉल डोक्यावर घेत. "आई कुठी गेली?" टीचर सांगे, "समुद्राकडे." समुद्र म्हणजे काय, असं कोणी विचारलं का ती कागद काढे. सारं तिच्या हातचं, मग झेरॉक्स. काठावर चैत्यभूमीचा पांढरा घुमट, पुढं लाटा, लाटाईमंदी मासे, कासव, ऑक्टोपस. लहान्यानं बोट रंगात बुडवून माशाले खवले कराचे. मोठ्या लेकरानं लाटा डावीकडून उजवीकडे ओढाच्या, म्हणजे पुढं अक्षर काढाले मनगट वळते. ऑक्टोपसचे पाय रंगवता रंगवता आठपर्यंत गिनती होऊन जाय. काठावर गोंद लावून शिवनाथ नदीची रेती चिकटवाची. चार वाजेपर्यंत रडणं बंद, हात-तोंड निळं.

मी सालाआड जाई, आल्यावर तिले म्हणे, "बाई, तिथला समुद्र निळा नसते. मातकट रायते." ती म्हणे, "तू पाहून आली ना? आता गप बस. निळा खडू म्या डबाभर आणला."

एकच गोष्ट तिले जमत नव्हती. लेकरं मासे पांढरे सोडत. सारा कागद रंगवत, मासे कोरे. टीचर चिडे, "मासा कोरा कावून? रंग भर!" लेकरं म्हणत, "समुद्राकडे जाताना पांढरंच घालतात ना, टीचर!" आता घ्या! त्याईनं घरचे लोक पांढऱ्या कपड्यात जाताना पाह्यले, तर मासेही पांढरेच. टीचर खडू हातात देऊन पिवळा, नारंगी भरून घे. पायल सोडून सारे भरत. पायलची माय रसमड्याले कामाले जाते, पोरगी दिवसभर आमच्यापाशीच, आन् हट्टी म्हणजे अस्सल हट्टी. ओठ घट्ट दाबून बसे, पण मासा पांढराच ठेवे.

यंदा दिवाळी झाल्यावर टीचर माह्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. गुडघ्यावर निळा पट्टा. डॉक्टरनं सांगतलं होतं, हा गुडघा आता जास्त दिवस साथ देणार नाही. "सुनिता, मले एकदा तिथं डोकं टेकवाचं आहे. यंदा नाही तर कधीच नाही."

माहं तिकीट निघालं होतं. साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. खोटं कावून बोलू, जीव जळला माहा. पातेल्यात डाव आपटला म्या. मग म्हटलं, "जाय. लेकरं माह्यावर सोड."

तिच्या पोरानं, आनंदनं, दोघाचं तिकीट काढलं. माहं रद्द केलं.

सहा तारखेले लेकराईनं विचारलं, "टीचर कुठी गेली?" मी म्हटलं, "समुद्राकडे." सारी एकमेकाईच्या तोंडाकडे पाहाले लागली. टीचरही जाऊ शकते, हे त्याईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग कागद घेतले आन् रंगवाले बसली.

टीचर आली ती स्टेशनावरून सरळ हॉलवर. लेकरं झोंबली तिले. पण तोंड उतरलेलं. मी तिले चुलीपाशी नेलं.

"नाही झालं, सुनिता," ती म्हणे. "रांगेत गुडघा सुजला. घुमट समोर दिसे, पण पाय उचलेना. आनंद म्हणे पाठीवर घेतो. त्या गर्दीत तोही पडला असता. परतीच्या गाडीची वेळ झाली, तिथूनच हात जोडले."

"अवं, तिथवर गेली ना? झालं मग."

"नाही झालं," ती पुन्हा म्हणे. आता पुढच्या साली जाय, असं म्हणाची सोय नव्हती.

तितक्यात पायल तिचा पदर ओढाले लागली. हातात कागद. समुद्र निळा, रेती नीट चिकटवलेली, छोटे मासे पांढरे. आन् घुमटाच्या दारातच एक मोठा मासा, तोही पांढरा. त्याले दोन पाय. एका पायावर निळा पट्टा. तोंड खाली, पायरीले टेकवलेलं.

"हे कोण?" टीचरनं विचारलं.

"तुमी."

मले वाटलं, आता म्हणन, मासा कोरा कावून. टीचर कागदाकडे पाहतच राहिली. मग तिथंच चुलीपाशी बसली.

"ह्यात तर मी पोचली वो, सुनिता," ती म्हणे, आन् साऱ्या लेकराईदेखत रडाले लागली.

पायल घाबरली. तिले वाटलं, मासा रंगवला नाही म्हणून टीचर रडून राहिली. ह्या हट्टी पोरीनं आजवर जे केलं नव्हतं ते केलं. पळत जाऊन पिवळा खडू आणला आन् माशावर टेकवला.

टीचरनं तिचा हात धरला. "नको, बेटा. पांढराच राहू दे."