रंगवलेली हिरवळ

मी वाळलेल्या गवताला हिरवा रंग दिला. भिंतींच्या डिस्टेंपरमध्ये मिसळतात तो, बाटलीतला. झाडांवर औषध फवारायच्या पंपाने, संध्याकाळी, गेट आतून लावून घेऊन.

विश्रांतवाडीच्या पुढे आमचं छोटं रो हाउस आहे. पुढे अंगण, अंगणात नुसता मुरूम. बोअर आटून तीन उन्हाळे झाले. टँकर एक दिवसाआड येतो आणि त्याचं पाणी वरच्या टाकीपर्यंत चढवणारी मोटर कायमची रुसलेली. त्यामुळे बायको खालच्या टाकीतून बादल्या भरून जिना चढायची. माझी कंबर धरते, असं आमच्यात फार पूर्वीच ठरलेलं होतं. ठरवलं अर्थात मीच. मग तिचे गुडघे गेले.

कोथरूडला तिच्या बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला होता. दोन्ही वेळ पाणी. मालक अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायला तयार होते, पण आमचं घर विकलं गेलं तरच तो आम्हाला घेता येणार होता. बायकोने तिथे देव्हारा कुठल्या भिंतीला ठेवायचा, तेही ठरवून टाकलं होतं.

गिऱ्हाइकं यायची, अंगण बघायची आणि गेटवरूनच "कळवतो" म्हणायची.

"काका, अंगण म्हणजे घराचं तोंड," एजंट म्हणाला. "तुमचं पार वाळवंट झालंय."

मी नर्सरीतून हिरवळीच्या चटया आणून अंथरल्या. आठवड्यात त्यांचा काथ्या झाला. आणि तेवढ्यात एजंटचा फोन : उद्या सकाळी एक कुटुंब येतंय, घेणारी माणसं आहेत. म्हणून तो रंग.

खोटं कशाला सांगू, झकास बसला. तिथेच थांबायला हवं होतं. पण सकाळी वाटलं, थोडं दव पडल्यासारखं दिसलं तर? बायकोने भांड्यांसाठी राखलेली बादली मी हिरवळीवर शिंपडली.

नवरा, बायको आणि नवऱ्याची आई, अशी तिघं आली. आजी गेटातच थबकल्या. "अगं बाई, हिरवळ!" मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी चपला काढल्यासुद्धा. सकाळी गवतावर अनवाणी चाललं की डोळ्यांना बरं, असं सुनेला सांगत त्या फेऱ्या मारू लागल्या.

"आजी, ओलं आहे हो."

"म्हणूनच तर!"

मग घर बघायला सगळे आत आले. पांढरी फरशी. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून देवघरापर्यंत आजींची हिरवीगार पावलं उमटत गेली.

"आई, तुझे पाय बघ!" मुलगा ओरडला.

आजींनी भिंत धरून तळवा पाहिला, मग मला पाहिलं. "अहो, हे काय आहे?"

"औषध," मी म्हणालो.

"विषारी?" सून किंचाळली.

"नाही, नाही! रंगच आहे."

एजंट खिडकीबाहेर बघत होता. "पाय धुवायला पाणी तरी द्या," आजी म्हणाल्या. मी बाथरूमचा नळ सोडला. तो नुसता फुसफुसला.

बायकोने माठातलं प्यायचं पाणी तांब्यात घेतलं आणि भिंतीला धरून, ओठ आवळून, खाली बसली. आजींनी तिचा हात धरला. "अहो, तुम्ही नका बसू. राहू दे." मग मुलाकडे वळल्या. "चल. इथे पाणीच नाहीये."

लक्ष्मी घरात येताना पावलं उमटतात म्हणे. आमच्याकडे ती उमटवून निघून गेली.

अक्षय्य तृतीया झाली. कोथरूडचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. एजंट आता फोन उचलत नाही. फरश्यांच्या सांध्यांत हिरवा रंग अजून आहे. बादल्या मीच चढवतो; कंबर वगैरे काही धरत नाही, असं लक्षात आलं. पण त्याने तिचे गुडघे थोडेच परत येणार?

काल ती पायरीवर गुडघा शेकत बसली होती. अंगणात पुन्हा मुरूमच. मी जरा चाचरत म्हटलं, "चार झाडं लावून बघू या का? मग पुन्हा जाहिरात देऊ."

तिने मान वर केली नाही.

"प्लास्टिकची आणा," ती म्हणाली. "तुमच्या हाताखाली तेवढीच जगतील."