रिंगवरचं साल

हिंगणघाटला हैदराबाद रोडवर खुशालचं पंक्चरचं दुकान होतं. जागा भैय्याजींची, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या आठ ट्रकांचे ते मालक. समोर माझं चहाचं हॉटेल.

वडनेरच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या खुशालला एक खोड होती. टायर उतरवला की तो तारेच्या ब्रशनं चाकाच्या लोखंडी रिंगवरचा रंग खरवडायचा, खाली ठोकलेली अक्षरं वहीत उतरवायचा आणि गाडी कधी घेतली ते ड्रायव्हरला विचारून बाजूला लिहायचा. सात-आठ वर्षांत त्याला उमगलं की आकडा म्हणजे महिना, पुढचं अक्षर म्हणजे साल आणि शेवटची खूण म्हणजे रिंग कोणत्या गाडीसाठी घडवली ते. आम्ही हसायचो. आमच्याकडे दर दसऱ्याला चाकांवर ऑइल पेंटचा हात चढतो, जुना रंग काढायची पद्धतच नाही. रंग नवा म्हणजे चाक नवं समजणारे आम्ही शहाणे!

१९७९ च्या दसऱ्यानंतर भैय्याजींचा एक ट्रक पुढची रिंग फाटून उलटला. एक हमाल मेला. "रिंग नवी होती, ड्रायव्हरनं गाडी पळवली," असा जबाब भैय्याजींनी दिला आणि ड्रायव्हर श्रावण आत गेला.

त्याची बायको कुंताबाई खुशालकडे आली. "भाऊ, गाडी ठाण्यात उभी हाये. एकडाव पाहून घ्या."

खुशालनं हवालदारासमोर रिंग खरवडली. रंगाच्या तीन थरांखाली खूण निघाली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची, अन् साल वीस वर्षांपूर्वीचं.

भैय्याजी दुकानात आले. "कोर्टात जायची तुले काय गरज? जागा माही हाये, ध्यानात ठेवजो."

"जागा तुमची हाये, भैय्याजी. तोंड माहं हाये."

मीही त्याला म्हटलं, "पाण्यात राहून माशाशी वैर काऊन करतं?" त्यानं चहा अर्धा ठेवला आणि उठून गेला. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "शिकले किती?"

"चौथी." लोक हसले. खुशाल जजसाहेबांकडे वळला.

"साहेब, कोणत्याबी तीन गाड्या आणा, कागदं तुमच्याजवळ ठेवा. एक साल चुकलं तं मलेबी आत टाका!"

साहेबांनी खरंच आवारात तीन गाड्या उभ्या करवल्या. दोन सालं बरोबर आली. तिसऱ्या गाडीचे कागद एकाहत्तरचे, खुशालनं सांगितलं अडुसष्ट. वकील ओरडलाच, "चुकला!"

"गाडी एकाहत्तरची असंन," खुशाल हलला नाही, "रिंग तिची नाई. मालकाले विचारा."

मालकानं मान खाली घातली. रिंग त्यानं भंगारातून घेतली होती.

श्रावण सुटला. आठवड्याभरात भैय्याजींनी खुशालचं सामान रस्त्यावर टाकलं. मी ते उचलून माझ्या हॉटेलपुढे मांडलं. जे व्हायचं ते होवो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजींचे उरलेले सातही ट्रक माझ्या दारात रिकामे उभे. ड्रायव्हर बाकांवर बसलेले. खुशालनं रिंगा पाहिल्याशिवाय एकही जण गाडीत गाठी भरू देईना. दुपारी भैय्याजी स्वतः तणतणत आले.

खुशालनं ब्रश खाली ठेवला नाही. "बसा, भैय्याजी. तुमच्या पाच रिंगा बाद केल्या. दोन गाड्या पाहाच्या राह्यल्या."