गोजराने पाहिलेली गाठ

१९८३च्या उन्हाळ्यात घणसोलीच्या गोजराला झटके येऊ लागले. अंगण सारवायला वाकली की छातीत धडधडायचं, डोकं फुटायला यायचं, चेहरा पांढराफटक पडून घामाची आंघोळ व्हायची. पाव तासात सगळं शांत. सासू शेवंताबाईने तिला हळदकुंकू लावलं. शेजारणी पाया पडू लागल्या.

"माज्या आंगात कोन येत नाय," गोजरा म्हणाली. "ह्यो रोग हाय."

रबाळ्याचे डॉक्टर तपासायचे तेव्हा मात्र प्रेशर अगदी ठीक असायचं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोजराने त्या घेतल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी तिथेच झटका आला. डॉक्टरांनी धावत येऊन दंडाला पट्टा बांधला. पारा दोनशे चाळीसवर गेला. त्यांनी पुन्हा मोजलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली.

तिथे चोवीस तासांची लघवी तपासली, फोटो काढले. उजव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीवाला धोका आहे हे ऐकून नवरा नामाने संमतीचा कागद बाजूला सारला. त्यावर अंगठा गोजराने स्वतःच उठवला.

टाके निघाल्यावर ती विचारत विचारत लॅबपर्यंत चालत गेली. "माजी गाठ बघायची हाय."

गाठ तपासणाऱ्या डॉक्टर सुचित्रा आधी गोंधळल्या. मग त्यांनी बरणी पुढे ठेवली. नारिंगी पाण्यात गाठीचा काप होता. कडा पिवळट, मधला भाग गडद तपकिरी.

"ही गाठ रक्तात एक रस सोडायची. त्याने प्रेशर चढायचं. तो रस असला की या पाण्यात असा रंग येतो."

"म्हंजे मी खोटं नव्हते बोलत."

"अजिबात नाही. पण ऐका. पेशी वाईट दिसत नाहीत, तरी अशी गाठ पुढे परत येणार नाही हे नुसत्या पेशींवरून सांगता येत नाही. दरवर्षी तपासायला यावं लागेल."

"किती वर्सं?"

"कायमचं."

"येईन."

आणि ती जात राहिली, नामाला सुट्टी नसली तर एकटी. झटके परत आले नाहीत. १९८८मध्ये तळवलीच्या भागीरथीला चक्कर येऊ लागली आणि घरच्यांनी भगत बोलावला. गोजराने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. भागीरथीला गाठबीठ नव्हती, रक्त कमी होतं. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी ती शेतावर जाऊ लागली.